पुढच्या व्हर्जनचे काका

आमच्या इमारतीतल्या काकांना आज काय चाललंय, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना पुढे काय येणार आहे ते विचारावं. दोन्ही भुवया वर जातात, आवाज खाली येतो, जिन्यात कुणी नाही ना हे एकदा बघून घेतलं जातं आणि मग तो शब्द येतो: "येतंय."

काय येतंय, ते ऐकणाऱ्यानं विचारायचं असतं. मी गेली कित्येक वर्षं विचारतोय. उत्तर बहुतेक वेळा वर्डप्रेसबद्दल असतं. ज्यावर लोक आपापला ब्लॉग लिहितात, वर्तमानपत्रं बातम्या टाकतात, जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन ज्याच्यावर उभ्या आहेत, ते हे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि सतत बदलतं. बदल येण्याआधी काही आठवडे त्याची कच्ची आवृत्ती कुणालाही बघायला खुली असते. आधी बीटा एक, बीटा दोन, मग आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, आणि मग एके दिवशी फायनल. काकांचं सगळं आयुष्य बीटा एक आणि फायनल यांच्या मधल्या पट्ट्यात जातं. फायनल आली की ते दोन दिवस उतरल्या चेहऱ्यानं आमच्या पनवेलच्या वडाळे तलावाला फेऱ्या मारतात.

"काका, आली की नवी आवृत्ती."

"आली," ते म्हणतात, जणू मी कुणाच्या तरी बाराव्याची आठवण करून दिली.

काका रसायनीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. सगळी हयात अमोनिया प्रिंटच्या वासात काढली. निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्यांना एक वेबसाइट काढून दिली, "काका, आता आठवणी लिहा." काकांनी आठवणी लिहिल्या नाहीत, पण लिहायच्या खोलीत फर्निचर कसं लावलंय ते मात्र मनापासून बघायला लागले. हे 2008 साल. त्या वर्षी मार्चमध्ये वर्डप्रेसच्या 2.5नं आतला सगळा पडदा नव्यानं रंगवला, आणि लोकांना तो जेमतेम सवयीचा होतोय तोवर डिसेंबरात 2.7 आली. तिनं वरचा आडवा मेनू उचलून डाव्या हाताला उभा केला. माणसं वैतागली. एका वर्षात दोनदा घर बदलायला लावता म्हणजे काय! पण 2.7 करणाऱ्यांनी एक गोष्ट केली होती. मेनू कुठे असावा हे आधी लोकांना विचारलं, आणि त्यातल्या छोट्या चित्रांसाठी तर चक्क मतदान घेतलं. काकांनी मत दिलं. त्यांनी निवडलेली चित्रं जिंकली की हरली, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, मतदान गुप्त असतं म्हणतात. पण "आपल्याला विचारलं" हे मात्र ते आजही वाण्याच्या दुकानात सांगतात.

यामागे एक व्हॉल्व्ह आहे. कारखान्यात एका पाइपलाइनवरच्या व्हॉल्व्हचं चाक भिंतीच्या इतकं जवळ आलं होतं, की फिरवताना ऑपरेटरच्या बोटांची सालटं निघायची. ड्रॉइंग काकांच्याच हातचं, पण ठरवणारे वरचे. त्यांच्या टेबलावर कागद यायचा तो सगळं ठरून झाल्यावर, शाई फिरवायला. "अरे, तो कागद एकदा, फक्त एकदा त्या ऑपरेटरला दाखवला असता," काका म्हणतात, "तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण 'फॉर अप्रूव्हल'चा शिक्का त्याच्यासाठी नसतो ना!" हा शिक्का काकांनी निवृत्त होताना घरी आणलाय. कसा आणला, विचारू नये. नव्या बीटाच्या पडद्याच्या छापील कागदांवर ते तो शिक्का उठवतात, कागद तपकिरी पाकिटात घालतात आणि इमारतीत वाटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वर्डप्रेस म्हणजे इस्त्रीचा कुठला तरी नवा प्रकार वाटतो. पण त्याही चष्मा लावून कागद बघतात आणि "छान आहे" असं पेन्सिलीनं लिहून परत पाठवतात. काका ते फाइल करतात.

तसं पनवेल हे गावच 'येतंय'वर जगलेलं. 1852ची नगरपालिका, पण आम्ही कायम पुढच्या गोष्टीकडे डोळे लावून. पालिकेची महानगरपालिका येतेय, ती 2016 साली आली. विमानतळ येतोय, हे ऐकत एका पिढीची लग्नं झाली, मुलं झाली, त्या मुलांनी "विमानतळ दहा मिनिटांवर" या जाहिरातीतले फ्लॅट घेतले. 2018च्या फेब्रुवारीत पायाभरणी झाली, 2025च्या ऑक्टोबरात उद्घाटन आणि नाताळच्या दिवशी पहिली विमानं उडाली. गावातली निम्मी माणसं गच्चीवर. काका घरात. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "ते झालं रे आता. कर्जतच्या लोकलचं काय चाललंय?" विमानतळाचा नकाशा त्यांनी इतक्या वेळा बघितलाय, की प्रत्यक्ष विमानात त्यांना नवीन काही सापडलं नसतं.

काकांची तपासणी बघण्यासारखी असते. बीटा येते ती अमेरिकेतल्या दिवसा, म्हणजे आपल्याकडे रात्री. काकू झोपलेल्या. काँप्युटरवरचं क्रोशाचं कव्हर घडी करून बाजूला. खिशात दोन पेन्सिली, एक लाल, एक साधी. हातात सेल्युलॉइडची फूटपट्टी, कारखान्यातलीच. ती ते पडद्याला लावतात. "मागच्या वेळी बटणाच्या कडेपासून अक्षरापर्यंत चार मिलिमीटर होतं. आता तीन." मला कधीही फरक दिसत नाही. ते माझ्याकडे दयेनं बघतात.

पण एका बाबतीत मी त्यांना मानतो. हे सगळे पडदे इंग्रजी अक्षरांच्या मापानं काढलेले असतात. त्या अक्षरांच्या डोक्यावर फार काही नसतं. आपलं अक्षर तीन मजली. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचं शेपूट. ओळीची उंची जरा आवळली की वरचा मजला उडतो, आणि मग 'तुर्की'चा रफार गायब होतो नि 'मंत्री'चा अनुस्वार जातो. म्हणून काकांची एक ठरलेली शब्दावली आहे. ती ते प्रत्येक बीटाच्या शीर्षकात, बटणात, मेनूत टंकून बघतात: कैऱ्या, तुर्की, आर्द्रता, उत्कृष्ट, राष्ट्रीय, वाङ्मय. एकदा त्यांनी मला रात्री साडेअकराला फोन करून बोलावलं. मी घाबरून वर गेलो. काकांनी भिंग पुढे केलं. "'कैऱ्या' बघ. वरच्या दोन मात्रांतली एकच दिसतेय. हे असंच बाहेर गेलं तर पनवेलच्या बाजारात लोक केऱ्या विकतील." मग त्यांनी आपल्या इंग्रजीत तक्रार लिहिली. हे इंग्रजी अजून ड्रॉइंग ऑफिसातच आहे: 'काइंडली रेफर अटॅच्ड शीट, रेव्हिजन 1. अप्पर पोर्शन ऑफ लेटर फाउलिंग विथ बॉर्डर.' फाउलिंग! व्हॉल्व्हचं चाक भिंतीला घासतं त्याला तिथे हाच शब्द होता.

या आवृत्त्यांना जॅझ वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांची नावं देतात. 2.7 म्हणजे कोल्ट्रेन, 3.8 म्हणजे पार्कर. काका नाट्यसंगीतातले, त्यांनी यातलं कुणीच ऐकलेलं नव्हतं. पण कर्तव्य म्हणून प्रत्येकाची एकेक ध्वनिफीत ऐकली आणि "ताना बऱ्या आहेत" असा शेरा दिला. "एकदा तरी वसंतराव आवृत्ती काढा म्हणावं," हे त्यांचं जुनं म्हणणं. काकूंचा या क्षेत्राशी संबंध आला तो डॉलीमुळे. वर्डप्रेसबरोबर 'हॅलो डॉली' नावाचा एक छोटा प्लगइन येतो. तो चालू केला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याची एकेक ओळ उमटते. दुपारी चहा घेऊन आलेल्या काकूंनी नेमकी 'हॅलो, डॉली' ही ओळ वाचली. पुढचे दोन दिवस चहा मोलकरणीच्या हातून आला. मला साक्षीला बोलावलं गेलं. मी डॉली हा प्लगइन असल्याचं शपथेवर सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकच."

आता या काकांच्या समोर उभं करायला देवानं आमच्याच भागात एक सेक्रेटरी घातले. ज्येष्ठ नागरिक संघाचे. संघाची वेबसाइट आहे, तिच्यावर सेक्रेटरी दरमहा एक लेख लिहितात, 'वार्धक्य : एक सुवर्णसंधी' जातीचा. त्यांना एकच गोष्ट हवी असते, की काल बटण जिथे होतं तिथेच ते आज असावं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. काउंटर हलवलेला त्यांना चालत नाही.

2018 साली वर्डप्रेसनं लिहायची जागाच मुळापासून बदलली. पूर्वी एक मोठा पांढरा चौकोन असायचा, टंकत सुटायचं. आता प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र, प्रत्येक यादी म्हणजे वेगळा ठोकळा. त्याला गुटेनबर्ग असं नाव. काकांना हा मुहूर्तच वाटला. आवृत्ती 5.0 येणार होती 19 नोव्हेंबरला, म्हणून त्यांनी 18 तारखेच्या रविवारी संघाच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून 'पूर्वदर्शन' ठेवलं. फळ्यावर रंगीत खडूनं विषय लिहिला. खाली, कंसात, चहा.

काकांनी पहिलीच पट्टी दाखवली: आवृत्ती 5.0, नाव बेबो.

सभागृह एकदम जागं झालं. "करीना?" मागून कुणीतरी विचारलं.

"क्यूबाचे पियानोवादक होते, बेबो वाल्देस," काका म्हणाले.

सभागृह परत पेंगलं.

मग ठोकळे आले. काकांनी माऊसनं एक परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या वर ठेवला. ही त्यांच्या लेखी व्याख्यानातली टाळीची जागा होती. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "पण मुळात तो खाली का लिहिला?" याला उत्तर नव्हतं. शेवटी काकांनी सेक्रेटरींना मंचावर बोलावलं आणि लेख प्रसिद्ध करायला सांगितलं. त्यांनी 'प्रसिद्ध करा' दाबलं. लेख गेला नाही. बाजूनं एक पट्टी उघडली: तयार आहात ना, बघून घ्या, आणि तिथे पुन्हा 'प्रसिद्ध करा'.

"एकदा सांगितलं ना!" सेक्रेटरी पडद्याला म्हणाले. "चेकवर दोनदा सही कशाला?"

"चुकून जाऊ नये म्हणून, साहेब."

"मी तीस वर्षांत चुकून काही पाठवलेलं नाही."

यावर चहा झाला. गंमत म्हणजे 19 तारखेला 5.0 आलीच नाही. ती 27वर गेली, 27चीही चुकली, आणि शेवटी 6 डिसेंबरला आली. जगभर लोक चिडले. काकांना सुट्टी वाढवून मिळाली. त्यांनी तेवढ्यात आणखी एक पूर्वदर्शन घेतलं, या वेळी घरीच, पोह्यांसह, म्हणून उपस्थिती बरी होती.

सेक्रेटरींसाठी जुना पांढरा चौकोन परत आणून देणारा 'क्लासिक एडिटर' काकांनीच बसवला. तो 2021 संपेपर्यंत सांभाळू, असं सुरुवातीला जाहीर झालं होतं, पुढे मुदतवाढ मिळाली. मुदतवाढ हा शब्द ऐकल्यावर सेक्रेटरींचा वर्डप्रेसवर प्रथमच विश्वास बसला. पण मधे घोळ झालाच. 2020च्या मार्चअखेरीस, टाळेबंदी लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा 5.4 आली, आणि त्याच सुमारास सेक्रेटरींच्या नातवानं उत्साहानं तो क्लासिक बंद करून ठेवला. 5.4मध्ये लिहायचा पडदा आपोआप पूर्ण मोठा उघडायचा, डावीकडचा मेनू दिसायचाच नाही. सेक्रेटरींचा काकांना फोन, सकाळी सातला.

"अहो, बाहेर पडायला रस्ताच नाही!"

"माहितेय साहेब. टपाल नाक्यावर पोलीस आहेत."

"रस्त्याचं नाही हो, लेखाचं! मी लेखात अडकलोय!"

"वर डाव्या कोपऱ्यात गोलातला डब्ल्यू दिसतोय?"

"दिसतोय."

"त्यावर टिचकी मारा. मी तुम्हाला पाकीट पाठवलं होतं, फेब्रुवारीत. शिक्का मारून."

पाकीट उघडलं गेलं नव्हतं. काकांना याचं कधी दुःख होत नाही, उलट एक सूक्ष्म समाधान होतं. आधी सांगितलं होतं, हे त्यांच्या भाषेतलं सर्वांत गोड वाक्य.

ही सवय त्यांनी घरभर पसरवलीय. दिवाळीत चकलीचा पहिला घाणा निघाला की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते विचारतात, "बीटा की फायनल?" काकू म्हणतात, "चकली." 3.8 आली तेव्हा, 2013च्या डिसेंबरात, पडद्याला आठ रंगसंगती मिळाल्या होत्या. कॉफी, ओशन, सनराइज, एक्टोप्लाझम अशी नावं. काकांनी महिनाभर आधी आठही काकूंना दाखवल्या. काकूंनी सनराइज निवडला आणि त्याच रंगाचं कापड आणून हॉलचे पडदे शिवले. वर्डप्रेसच्या इतिहासात याची नोंद नसावी.

एवढं सगळं करून काकांच्या वेबसाइटवर आहे काय? मला वाटायचं, काहीच नाही. पाहुण्यांना दिसणाऱ्या भागात आजही एकच नोंद आहे, वर्डप्रेस बसवल्यावर आपोआप येते ती जगाला नमस्कार करणारी. मागच्या पावसाळ्यात काकांनी मला आत बसवलं, एका नव्या आवृत्तीत मसुद्यांची यादी नीट दिसते का ते तपासायला. मसुदे शेकड्यांनी होते. सगळ्यांचं शीर्षक 'टेस्ट'. पुढे आकडा. मी सहज एक उघडला.

'टेस्ट 214. 1 ऑक्टोबर 2016. आजपासून महानगरपालिका. हेडिंग दोन नीट दिसते. खड्डा तोच.'

दुसरा उघडला. 'टेस्ट 377. 3 जून 2020. चक्रीवादळ. वाऱ्याने समोरच्या शेडचे दोन पत्रे उडाले, आंब्याची एक फांदी. ऱ्य ठीक. ही देवाजवळ बसली आहे. तिरपा टाइप ठीक.'

'टेस्ट 402. यादी तपासणे. एक, कैऱ्या पाच किलो. दोन, मोहरीची डाळ. तीन, हिंग. चार, हिची कंबर धरली म्हणून मी फोडी केल्या, फोडी लहान-मोठ्या झाल्या. यादीचे आकडे सरळ रेषेत.'

'टेस्ट 409. चित्र डावीकडे, मजकूर उजवीकडे. चित्रात जुना वाडा आहे. तो काल पाडला. मजकूर चित्राला चिकटतो, आठ मिलिमीटर जागा हवी.'

मी वाचत बसलो. लाइन आळीतला वाडा, गाढी नदीचं वाढलेलं पाणी, शेजारच्या मुलीचं लग्न, ड्रॉइंग ऑफिसातला एकेक सहकारी गेल्याची तारीख, सगळं होतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'ठीक' किंवा 'ठीक नाही'. सेक्रेटरींचे बारा वर्षांचे लेख एका पारड्यात टाकले तरी टेस्ट 402 जड ठरेल. मी तसं म्हणालो. काका चमकून बघायला लागले.

"अरे, त्या टेस्ट आहेत. अक्षर बरोबर दिसतंय का बघायला काहीतरी टंकावं लागतं."

"काहीतरी टंकायला हिंगाची काय गरज?"

"मग काय टंकू? कखगघ? त्यात रफार कुठाय?"

मी म्हटलं, निदान लोणच्याची नोंद तरी बाहेर सोडा. ते 'बघू' म्हणाले, म्हणजे नाही. पण माझा आवाज आत गेला असावा, कारण काकू ओले हात पुसत बाहेर आल्या आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून टेस्ट 402 वाचायला लागल्या. संपूर्ण वाचली. मग परत वरून वाचली.

"कंबर नव्हती धरली," त्या म्हणाल्या. "पाय मुरगळला होता. आणि मोहरीची डाळ किती, ते नाही लिहिलंत. असं अर्धवट कोण वाचणार?"

काकांनी निमूट दुरुस्ती केली. कंबर काढली, पाय घातला, मोहरीची डाळ पावशेर. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. वर्डप्रेस प्रत्येक दुरुस्तीआधीची प्रत जपून ठेवतं. दोन प्रती शेजारी-शेजारी मांडता येतात, काढलेलं लाल पट्ट्यात, घातलेलं हिरव्या. "रेव्हिजन 1," ते फूटपट्टीनं काकूंचा पाय दाखवत म्हणाले. "बघ, नोंद राहिली. तुझी सूचना, तारीख, वेळ. वापरणाऱ्यानं सांगितलं, आपण बदललं."

"फोडी लहान-मोठ्या झाल्या त्याचंही कारण लिहा. विळी बोथट होती. किती वेळा सांगितलं धार लावून आणा."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "ते आता नाही. काल रात्री आरसी लागली. एकदा आरसी लागली की मी साइटवरचं एक अक्षर हलवत नाही. सगळं फ्रीझ."

"बरं," काकू आत जाता जाता म्हणाल्या. "जेवणही तिथंच ठेवलंय. काढून घ्या, गरम करा आणि ठीक का ठीक नाही ते लिहा."